टोचणाऱ्या हाताचे शिक्षण

तालुक्याच्या गावी सायंकाळच्या वेळी कोणत्याही चालत्या दवाखान्यात घटकाभर बसले, तर एक गोष्ट ध्यानात आल्यावाचून राहत नाही. डॉक्टर रोग्याची नाडी पाहतात, छातीला नळी लावतात, केसपेपरवर चार ओळी लिहितात, आणि तेथून पुढे रोग्याच्या देहाचा ताबा दुसऱ्याच कोणाकडे जातो. पडद्यामागच्या खोलीत उंच बाकाजवळ उभी असलेली वीस-बावीस वर्षांची मुलगी, किंवा ज्याला गाव अद्यापि कंपाउंडर म्हणूनच ओळखते असा एखादा पोक्त इसम, काचेची कुपी फोडून सिरिंज भरतो, स्पिरिटचा बोळा फिरवतो आणि सुई टोचून मोकळा होतो. नंतर गोळ्यांच्या पुड्या बांधून ‘ही सकाळी, ही जेवणानंतर’ असे सांगण्याचे कामही त्याच व्यक्तीकडे असते. निदान चुकले तर डॉक्टर बदलावा, इतके आपल्याला कळते. परंतु निदान अचूक असूनही, औषध उत्तम असूनही, केवळ ते देणारा हात अशिक्षित असल्यामुळे अनर्थ ओढवू शकतो, याची जाणीव रोग्याला नसते, आणि पुष्कळदा त्या हाताला कामावर ठेवणाऱ्यालाही नसते.

नियमाचे म्हणावे, तर सुई टोचणे हे काम डॉक्टरांचे किंवा नोंदणीकृत परिचारिकेचे. ए.एन.एम.चा अभ्यासक्रम दोन वर्षांचा आहे, जी.एन.एम.चा तीन वर्षांचा, आणि पदवीचा चार वर्षांचा. परंतु या शिक्षित परिचारिका मोठ्या रुग्णालयांनाच पुऱ्या पडत नाहीत, आणि एकट्या डॉक्टरच्या दवाखान्याला तसा पगार झेपत नाही; म्हणून दहावी-बारावी झालेली, घरच्या गरजेने बाहेर पडलेली एखादी चुणचुणीत मुलगी ठेवली जाते, आठ-पंधरा दिवस ती जुन्या मदतनिसाच्या शेजारी उभी राहून पाहते, आणि मग एके दिवशी गर्दी फार झाली म्हणजे सिरिंज तिच्या हाती दिली जाते. पाहून मिळवलेल्या विद्येला मी कमी लेखीत नाही. आपल्या देशातील बहुतेक कारागिरी तशीच टिकली आहे. परंतु या मार्गाने हात शिकतो आणि कारण मात्र शिकायचे राहते. आणि ज्याला कारण ठाऊक नाही, तो घाईच्या वेळी नेमकी तीच पायरी गाळतो, जी गाळली असता माणूस दगावतो. या मदतनिसांना रीतसर, मराठीतून, परीक्षेसह शिक्षण दिल्याखेरीज त्यांच्या हाती सुई देता कामा नये, आणि ते शिक्षण देण्याची तजवीज शासनाने व डॉक्टरांच्या संघटनांनी मिळून करावी, असे माझे स्पष्ट मत आहे.

लहानशा कसुरीतून केवढे संकट उद्भवते, याचे उदाहरण शोधण्यास मुंबईच्या वैद्यकीय इतिहासाबाहेर जावे लागत नाही. १८९६ साली मुंबईच्या मांडवी भागात प्लेगचा उद्भव झाला, मूळ गोव्याचे डॉ. अकासिओ व्हिएगस यांनी तो ओळखला, आणि वाल्देमार हाफकिन हे शास्त्रज्ञ सरकारच्या पाचारणावरून मुंबईस आले. ग्रँट मेडिकल कॉलेजातील तुटपुंज्या जागेत त्यांनी प्लेगची लस सिद्ध केली आणि १० जानेवारी १८९७ रोजी ती प्रथम स्वतःच्याच देहात टोचून घेतली. पुढे परळच्या जुन्या गव्हर्न्मेंट हाउसमध्ये त्यांची प्रयोगशाळा थाटली गेली आणि तेथून लसीच्या बाटल्या हिंदुस्थानभर जाऊ लागल्या. ३० ऑक्टोबर १९०२ रोजी पंजाबातील मुल्कोवाल या खेड्यात १०७ जणांना ही लस देण्यात आली, आणि त्यांपैकी एकाच बाटलीतून लस मिळालेले १९ जण धनुर्वाताने मरण पावले. चौकशी समितीने ठपका परळच्या प्रयोगशाळेवर ठेवला, हाफकिन यांना अधिकारावरून दूर व्हावे लागले, आणि ज्या माणसाने लक्षावधींना प्लेगपासून वाचवण्याचे साधन दिले, त्याच्या नावावर १९ मृत्यूंचा डाग काही वर्षे राहिला. कागदपत्रे उजेडात आली तेव्हा वेगळीच हकिकत दिसली. बाटली उघडताना मदतनिसाच्या हातचा चिमटा जमिनीवर पडला होता, आणि तो पुरेसा निर्जंतुक न करताच बूच काढण्यास वापरला गेला होता. १९०७ साली रोनाल्ड रॉस आणि त्यांच्यासारख्या अनेक नामांकित शास्त्रज्ञांनी लंडनच्या ‘टाइम्स’मधून हाफकिन यांची बाजू जाहीरपणे मांडली, तेव्हा कोठे ते दोषमुक्त झाले, परळच्या त्या संस्थेला त्यांचे नाव मिळाले ते १९२५ साली.

या हकिकतीत मदतनिसाला खलनायक ठरवून थांबणे सोपे आहे, पण मला ते अन्यायाचे वाटते. धनुर्वाताचे बीजाणू मातीत राहतात आणि जंतुनाशकात जरासे बुचकळल्याने ते मरत नाहीत, हे ज्ञान त्या काळच्या प्रयोगशाळांत होते. ते खेड्यातल्या तळावर चिमटा धरणाऱ्या माणसापर्यंत कोणी पोहोचवले होते काय, हा खरा प्रश्न आहे. सव्वाशे वर्षांनंतर तोच प्रश्न आपल्या गावोगावच्या दवाखान्यांना विचारावा लागतो.

आता हे शिक्षण म्हणजे नेमके काय, ते थोडे तपशिलाने सांगितले पाहिजे. कारण ‘त्यात काय शिकायचे, सुई तर टोचायची’ हा समज सुशिक्षितांतही दृढ आहे. सुई टोचणे ही या कामातली शेवटची आणि कदाचित सर्वांत सोपी क्रिया होय. तिच्या आधी योग्य रोगी, योग्य औषध, योग्य मात्रा, योग्य मार्ग आणि योग्य वेळ, या पाच गोष्टींची खातरजमा करावयाची असते, आणि यांतील प्रत्येकीत फसगतीच्या जागा आहेत. एकाच बाकावर एकाच नावाच्या दोन बाया बसलेल्या असणे आपल्याकडे नवलाचे नाही. अशा वेळी ‘तुम्हीच ना सुनीताबाई?’ असे विचारले, तर कानाने अधू असलेली वृद्धा मान डोलावते, म्हणून रोग्याकडून त्याचे नाव वदवून घ्यावे व ते केसपेपराशी ताडून पाहावे, असा या विद्येचा दंडक आहे. डॉक्टरांनी खुर्चीवरूनच ‘त्यांना अर्धी द्या’ असे सांगितले, तर अर्धी म्हणजे अर्धी कुपी, अर्धा मिलिलीटर की अर्धी गोळी, हे उलट विचारण्याचा धीर मदतनिसात असला पाहिजे, आणि तो धीर शिक्षणाशिवाय येत नाही. दशांश चिन्हाआधी शून्य लिहिला नाही, तर ०.५ चे ५ वाचले जाते आणि मात्रा दसपट होते. कुपीवरचे नाव मांडणीवरून उचलताना, औषध भरण्यापूर्वी आणि भरून झाल्यावर, असे तीनदा वाचावे, मुदत पाहावी, द्रव गढूळ नाही ना हे उजेडात धरून पाहावे. कारण सलाईनमध्ये मिसळण्याचे पोटॅशियम क्लोराइड आणि पावडर विरघळवण्याचे डिस्टिल्ड वॉटर हे दोन्ही रंगहीन, दोन्ही लहान कुप्यांत येणारे, आणि यांतले पहिले जर विरळ न करता थेट शिरेत गेले, तर हृदय थांबते.

मधुमेहाच्या इन्सुलिनचे उदाहरण तर प्रत्येक मदतनिसाने पाठ करावे, इतके महत्त्वाचे आहे. आपल्या देशात कुपीतले इन्सुलिन बहुतांशी एका मिलिलीटरला ४० युनिट या ताकदीचे मिळते आणि त्यासाठी लाल टोपणाची सिरिंज असते. पेनमधले इन्सुलिन १०० युनिट ताकदीचे, आणि त्या मापाची सिरिंज नारिंगी टोपणाची. दोन्ही सिरिंजा दिसायला सारख्याच बारीक, दोन्हींवर रेघा सारख्याच नाजूक. ज्या मुलीला हा भेद कोणी सांगितला नाही, तिने ४० ताकदीचे औषध १०० च्या सिरिंजेत ४० च्या रेघेपर्यंत भरले, तर रोग्याच्या अंगात ४० ऐवजी केवळ १६ युनिट जातात आणि साखर का उतरत नाही म्हणून डॉक्टर मात्रा वाढवीत बसतात; उलट १०० ताकदीचे औषध लाल टोपणाच्या सिरिंजेत ४० च्या रेघेपर्यंत भरले, तर १०० युनिट जातात, म्हणजे अडीचपट, आणि तो माणूस रात्री झोपेतच बेशुद्ध होऊ शकतो. मुलांच्या तापाच्या औषधातही असाच घोटाळा आहे. पॅरासिटामॉलचे थेंब एका मिलिलीटरमध्ये १०० मिलिग्रॅम औषध बाळगतात, तर नेहमीच्या पातळ औषधाच्या पाच मिलिलीटरमध्ये १२० किंवा १२५ मिलिग्रॅम असते; थेंबांची ताकद चौपट आहे, हे न सांगता ‘एक चमचा द्या’ म्हणून बाटली हाती दिली, तर ती माउली आज्ञाधारकपणे आपल्याच तान्ह्या लेकराला चौपट औषध पाजते, आणि चमचाही स्वयंपाकघरातला असतो, ज्याला काही निश्चित माप नाही.

यानंतर प्रत्यक्ष टोचण्याची बाब येते. स्नायूत द्यावयाचे इंजेक्शन काटकोनात, त्वचेखालचे सुमारे ४५ अंशांत, आणि त्वचेच्या थरातच द्यावयाचे, जसे बीसीजीचे, ते १०-१५ अंशांत, जवळजवळ त्वचेला समांतर. हे कोन पुठ्ठ्यावर काढून दाखवता येतात आणि अर्ध्या तासात समजतात. परंतु जागा निवडणे याहून गंभीर आहे. आपल्याकडे ‘कमरेत सुई’ म्हणून कुल्ल्याच्या मागच्या भागात टोचण्याची रूढी सार्वत्रिक आहे, आणि त्याच भागातून पायाकडे जाणारी सायटिक नस उतरते. जागा थोडी खाली किंवा मध्याकडे सरकली की सुई त्या नसेला लागते किंवा औषध तिच्यालगत साचते, आणि पाऊल उचलता न येण्याचे पंगुत्व रोग्याच्या वाट्याला येते. म्हणून कुल्ल्याच्या बाजूचा वरचा भाग सुरक्षित मानला जातो, आणि तान्ह्या मुलांना मांडीच्या पुढच्या-बाहेरच्या भागातच टोचतात. राष्ट्रीय लसीकरणात आपल्या उपकेंद्रांतील परिचारिका वर्षानुवर्षे तेच करीत आल्या आहेत. पोलिओचा संचार होता त्या काळी तर ताप आलेल्या बालकाला विनाकारण स्नायूत दिलेली सुई हीच त्या अवयवाच्या लुळेपणास निमित्त ठरे, कारण टोचलेल्या स्नायूच्या मज्जातंतूंकडे विषाणूला वाट मिळे. त्या काळच्या कित्येक मुलांच्या वाळलेल्या पायांना अशी एखादी अनावश्यक सुई कारणीभूत झाली असेल, हा विचार मनाला अस्वस्थ करतो.

पेनिसिलीनचा उल्लेख केल्याशिवाय या प्रकरणाला पूर्णता येत नाही. १९५४ साली पिंपरीस हिंदुस्थान अँटिबायोटिक्सची स्थापना झाली आणि पेनिसिलीन आपल्याच मातीत तयार होऊ लागले, तेव्हा महाराष्ट्राला त्याचा सार्थ अभिमान वाटला. त्याचाच एक दीर्घकाळ टिकणारा प्रकार, बेंझाथिन पेनिसिलीन, संधिवाताच्या तापाने हृदयाच्या झडपा दुखावलेल्या मुलांना दर तीन आठवड्यांनी, वर्षानुवर्षे द्यावा लागतो. हे औषध दाट असते, बारीक सुईत अडकते, स्नायूत खोलवर आणि सावकाश द्यावे लागते, आणि चुकून शिरेत गेले तर प्राणघातक ठरते. शिकलेला हात नाही म्हणून अनेक दवाखाने ते देण्यास सरळ नकार देतात, आणि बारा वर्षांचे पोर एका सुईसाठी जिल्ह्याच्या गावी जाते. एखादी खेप चुकते, मग दुसरी चुकते, आणि झडप आणखी बिघडते. अशिक्षित हाताचे नुकसान केवळ चुकीच्या सुईत मोजून भागत नाही. जी सुई दिलीच गेली नाही, तिचाही हिशेब त्यात धरावा लागतो.

स्वच्छतेविषयी लिहिताना लेखणी जड होते, कारण येथे अज्ञानाच्या जोडीला काटकसरही उभी आहे. २००० नंतरच्या दशकात इंडिया-क्लेन या वैद्यकीय संशोधकांच्या गटाने देशभर पाहणी केली, तेव्हा भारतात दरवर्षी सुमारे ३०० कोटी इंजेक्शने दिली जातात आणि त्यांतील जवळजवळ ६३ टक्के असुरक्षित असतात, असे आढळले. २००९ साली गुजरातेत साबरकांठा जिल्ह्यातील मोडासा येथे हेपटायटिस बी ची साथ पसरून अनेक माणसे दगावली, आणि तपासाचा रोख पुन्हापुन्हा वापरलेल्या सिरिंजांकडे वळला. २०१८ साली उत्तर प्रदेशातील उन्नाव जिल्ह्यातल्या बांगरमऊ येथे डझनावारी लोकांत एचआयव्हीची बाधा सापडली, तेव्हा सायकलवरून फिरून एकाच सिरिंजेने इंजेक्शने देणाऱ्या एका भोंदू वैद्याकडे तेथील आरोग्य खात्याने बोट दाखवले. आपल्याकडे असे होत नाही, असे म्हणून निश्चिंत राहण्याचा अधिकार आपल्याला नाही. सुई बदलली की पुरे, सिरिंज तीच चालते, हा समज आजही कानी येतो. वस्तुतः सुईतून मागे ओढलेला रक्ताचा अदृश्य अंश सिरिंजेच्या नळीत जातो आणि नवी सुई लावली तरी तो पुढच्या रोग्याच्या देहात उतरतो. अनेक मात्रांच्या कुपीच्या रबरी बुचात एक सुई कायमची खोचून ठेवण्याची रीत सोयीची वाटते, पण त्या सुईतून हवेतले जंतू दिवसभर आत जात राहतात. स्पिरिटमध्ये भिजवून बरणीत भरून ठेवलेले कापसाचे बोळेसुद्धा निषिद्ध आहेत, कारण प्रत्येक वेळी आत जाणारी बोटे त्या बरणीलाच दूषित करतात. कोरडा बोळा घेऊन त्यावर ऐन वेळी स्पिरिट ओतावे, एकदा पुसावे, आणि त्वचा वाळेपर्यंत अर्धा मिनिट थांबावे. कोणी सांगितले, तर या गोष्टी पाळण्यास काडीचाही खर्च नाही.

आणि या सगळ्यात त्या मुलीच्या स्वतःच्या जिवाचे काय? वापरलेल्या सुईवर दोन्ही हातांनी टोपण बसवताना ती बोटात शिरते, हे या धंद्यातले नित्याचे दुखणे आहे. बाधित रोग्याच्या रक्ताने भरलेली सुई बोटात गेली असता हेपटायटिस बी होण्याचा संभव, लस घेतलेली नसेल तर, ३० टक्क्यांपर्यंत असतो, हेपटायटिस सी चा सुमारे ३ टक्के आणि एचआयव्हीचा सुमारे ०.३ टक्के. सुईला पुन्हा टोपण लावू नये, ती तेथल्या तेथे कटरने तोडून पांढऱ्या, न भोसकल्या जाणाऱ्या डब्यात टाकावी, असे जैववैद्यकीय कचऱ्याच्या २०१६ च्या नियमांत आहे आणि ते लहान दवाखान्यांनाही लागू आहेत. हेपटायटिस बी ची लस तीन मात्रांत, सहा महिन्यांत पुरी होते. सुई टोचली गेलीच, तर जागा साबण-पाण्याने धुऊन शक्य तितक्या लवकर, आणि कोणत्याही परिस्थितीत ७२ तासांच्या आत, एचआयव्ही-प्रतिबंधक औषधे सुरू करता येतात. हे ठाऊक नसल्यामुळे, किंवा नोकरी जाईल या धास्तीने, बोटातले रक्त पदराला पुसून पुन्हा कामाला लागलेल्या मुली या महाराष्ट्रात आहेत. ज्या डॉक्टरने आपल्या मदतनिसाला ही लस स्वखर्चाने दिलेली नाही, त्याने तिच्या हाती सिरिंज देऊ नये; याहून सौम्य शब्दांत मला हे लिहिता येत नाही.

सुई काढली म्हणजे काम संपले, असेही नाही. औषधाची तीव्र प्रतिक्रिया बहुधा पहिल्या काही मिनिटांतच सुरू होते: अंगावर गांधी उठतात, ओठ सुजतात, घसा आवळल्यासारखा होतो, रक्तदाब कोसळतो. म्हणून रोग्याला अर्धा तास बसवून ठेवावे, आणि ॲड्रेनालिनची कुपी कुलपात न ठेवता हाताशी ठेवावी. प्रौढाला तिची अर्धा मिलिलीटर मात्रा मांडीच्या बाहेरच्या बाजूस स्नायूत द्यावयाची असते. डॉक्टर धावत येईपर्यंत रोग्याला आडवे करून पाय उंच धरणे आणि कुपी तयार ठेवणे, हे मदतनिसाचे काम. ते तिला आधी शिकवलेले नसेल, तर त्या क्षणी ती केवळ ओरडू शकते.

या मताला दोन बाजूंनी विरोध होईल. परिचारिकांच्या संघटना म्हणतील की, अर्धवट शिकलेल्यांना दाखला देणे म्हणजे आमच्या तीन-चार वर्षांच्या शिक्षणाची किंमत कमी करणे होय. ही तक्रार पोकळ नाही. म्हणून दाखल्याची मर्यादा स्पष्ट असावी, असे मी म्हणतो: प्रौढांना स्नायूत व त्वचेखाली द्यावयाची, डॉक्टरांनी लिहून दिलेली, डॉक्टर जागेवर असताना दिलेली इंजेक्शने, एवढीच मुभा, शिरेतले औषध, तान्ही मुले आणि प्रतिजैविकाची पहिली मात्रा यांना मदतनिसाने हात लावू नये. उलट बाजूने डॉक्टर म्हणतील की, शिकलेली मुलगी चार दिवसांत मोठ्या रुग्णालयात निघून जाते. जाईल, परंतु ती जेथे जाईल तेथेही रोगीच असणार आहेत, आणि तिने राहावे असे वाटत असेल, तर तिच्या पगाराचा विचार करणे डॉक्टरांच्याच हातात आहे.

साध्या, कमी शिकलेल्या माणसांना हे जमणार नाही, हा आक्षेप मात्र महाराष्ट्रानेच खोडून काढला आहे. १९७० साली डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे यांनी जामखेडला काम सुरू केले, आणि खेड्यातल्या स्त्रियांना आरोग्याची विद्या देता येते, हे दाखवले. गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेने १९९० च्या दशकात ३९ गावांतील स्त्रियांना आरोग्यदूत म्हणून तयार केले; नवजात बालकाच्या जंतुसंसर्गाची लक्षणे ओळखून त्याला जेंटामायसिनचे इंजेक्शन घरीच देण्यापर्यंत त्यांची मजल गेली. १९९९ साली ‘लॅन्सेट’ या विश्वविख्यात नियतकालिकात त्याचा अहवाल प्रसिद्ध झाला, तेव्हा तुलनेसाठी घेतलेल्या गावांच्या मानाने त्या गावांतील नवजात मृत्युदर ६२ टक्क्यांनी घटल्याचे जगाने पाहिले. वरची मर्यादा मी तान्ह्या मुलांना वगळून आखली, आणि येथे तर नवजातांनाच सुया दिल्या गेल्या, असे कोणी म्हणेल. त्यास उत्तर असे की, गडचिरोलीच्या त्या स्त्रियांमागे कसोशीचे प्रशिक्षण होते, पायऱ्या ठरलेल्या होत्या, प्रत्येक नोंद तपासली जात होती, आणि चुकल्यास सांगणारे माणूस नियमाने गावात येत होते. तालुक्याच्या दवाखान्यातल्या मुलीची त्यांच्याइतकीच, किंबहुना अधिक शाळा झालेली असते. तिच्यामागे यातले बाकीचे काहीच नसते.

एक दोष मात्र आपला, रोग्यांचा आहे, आणि तो झाकून ठेवणे बरोबर नाही. गोळीने उतरणाऱ्या तापासाठी आपण सुई मागतो, थकव्यासाठी ‘ताकदीची सलाईन’ मागतो, आणि न देणारा डॉक्टर आपल्याला हलक्या हाताचा वाटत नाही, तर हलक्या दर्जाचा वाटतो. जे औषध तोंडाने घेता येते ते तोंडाने घेणेच अधिक सुरक्षित, हे वैद्यकाचे जुने तत्त्व आहे. प्रत्येक अनावश्यक सुई त्या पडद्यामागच्या खोलीतली गर्दी वाढवते, आणि पायऱ्या गळतात त्या गर्दीतच.

तेव्हा तजवीज करावयाची ती अशी. प्रत्येक उपजिल्हा रुग्णालयात आणि ग्रामीण रुग्णालयात सहा आठवड्यांचा, मराठीतून, सायंकाळचा वर्ग चालावा. त्यात अर्धा वेळ रोग्याजवळ, अनुभवी परिचारिकेच्या देखरेखीखाली जावा. परीक्षा परिचारिका परिषदेने घ्यावी आणि दाखल्याची मुदत दोन वर्षांची ठेवावी. शुल्क डॉक्टरने भरावे, मुलीने नव्हे. दिलेल्या प्रत्येक इंजेक्शनची नोंद औषधाचे नाव, बॅच क्रमांक, मात्रा, जागा, वेळ आणि देणाऱ्याची सही यांसह दवाखान्याच्या दप्तरी राहावी, आणि दोन वर्षांच्या संक्रमणकाळानंतर दाखल्याशिवाय सुई देऊ केल्यास जबाबदारी दवाखान्याच्या मालकावर यावी. यासाठी नव्या इमारतींची किंवा मोठ्या निधीची गरज नाही. वर्ग घेऊ शकतील अशा परिचारिका आज प्रत्येक तालुक्यात सेवेत आहेत, आणि कित्येक निवृत्त होऊन घरी बसल्या आहेत.

शासनाचा हुकूम निघेल तेव्हा निघेल. वाचकांना माझी विनंती इतकीच की, दंड पुढे करण्यापूर्वी सिरिंजेचे पाकीट आपल्या डोळ्यांदेखत फोडावयास सांगावे, औषधाचे नाव विचारावे, सुई घेतल्यावर अर्धा तास तेथेच बसावे, आणि निघताना डॉक्टरांना नम्रपणे पण न चुकता विचारावे की, आपल्या दवाखान्यातल्या या मुलीला हे काम कोणी शिकवले, आणि तिला हेपटायटिस बी ची लस मिळाली आहे काय.